बिल्ल्याच्या कडेवरचे नाव

शाबान महिना लागला की आपल्या घरांत साफसफाई सुरू होते. रमजानपूर्वी पेट्या उघडतात, गोधड्यांना ऊन दाखवले जाते, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. यंदा या साफसफाईत दौंडला आमच्या खालांच्या घरी एक बिल्ला निघाला. त्याची हकीकत आम्ही या महिन्याच्या सदरात सांगत आहोत, कारण असे बिल्ले वाचकांपैकी आणखी काहींच्या घरीही असतील असे आम्हाला खात्रीने वाटते.

आम्ही शिरूरला शाळेत शिकवतो. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला, असा आमचा नेहमीचा रस्ता. त्या रविवारी खालांकडे पोहोचलो तेव्हा घरात वाद चालला होता. खालांच्या नातवाने तो बिल्ला सराफाकडे नेऊन आणला होता. सराफाने सांगितले, चांदी खरी आहे, अडीच तोळ्यांच्या आसपास भरेल. नातवाला परीक्षेची फी भरायची होती, खालांच्या स्वयंपाकघराचे पत्रेही पावसाळ्याआधी बदलायचे होते. एवढ्या पैशात दोन्ही कामे होणार नव्हती, पण हातभार लागला असता. वाद मात्र पैशांचा नव्हता. खाला म्हणत होत्या, "ये तुम्हारे दादा के दादा का है." आणि नातू म्हणत होता, "अपना नहीं है दादी, किसी और का है. इस पे मराठा लिखा है."

सराफाने भिंगातून कडेवरची अक्षरे वाचून दाखवली होती. त्यात इंग्रजीत ११७ हा आकडा आणि पुढे 'मराठाज' असा शब्द होता. मुलाचा हिशेब सरळ होता. मराठा पलटणीत मुसलमान कसा असेल? कधीतरी कुणीतरी गहाण ठेवलेला किंवा भंगारात आलेला बिल्ला आपल्या पेटीत राहिला असेल. मग तो विकायला हरकत काय?

खाला आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम पढाते ना स्कूल में? तुम बोलो."

आम्ही मुलाकडून एक कोरा कागद आणि शिसपेन्सिल मागितली. लहानपणी आपण सगळ्यांनीच नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आहे. तोच प्रकार आम्ही कडेवर केला. पातळ कागदाची पट्टी कडेभोवती धरून हळूहळू पेन्सिल फिरवली. दोन-तीनदा अक्षरे पुसट आली, चौथ्या वेळी उमटली. आधी एक क्रमांक, मग 'सिपॉय' म्हणजे शिपाई, मग नाव, आणि शेवटी पलटण. नावाचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले. 'शेख'चे रूप आज आपण लिहितो तसे नव्हते, पुढच्या नावातले एक अक्षर गळलेले होते. पण मोठ्याने वाचल्यावर खाला एकदम म्हणाल्या, "अरे, यही तो नाम है!" नाव घरचे आहे, म्हणून येथे देत नाही. मुलाने पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मराठा पलटणीत मुसलमान होते का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. होते, आणि ते अपवाद म्हणून नव्हते. जुन्या मुंबई लष्करातल्या मराठा पलटणींची रचनाच तशी होती. पहिल्या महायुद्धाच्या वेळी या पलटणींत बहुतेक कंपन्या देशावरच्या व कोकणातल्या मराठ्यांच्या असत, आणि सहसा आठांपैकी दोन कंपन्या 'दखनी मुसलमानां'च्या असत. सरकारी कागदांत हाच शब्द होता. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच लोक. घरात दखनी बोलणारे, बाजारात मराठी बोलणारे, घोड-भीमेच्या काठची ज्वारी खाणारे. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा क्रमांकांच्या या पलटणी १९२२ मध्ये एका रेजिमेंटमध्ये आल्या. आजची मराठा लाइट इन्फन्ट्री, जिचे केंद्र बेळगावला आहे, ती हीच.

शिरूरला तर लष्कर नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडनदीच्या काठावर कंपनी सरकारची मोठी छावणी होती. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर गावात आहे आणि पूर्वी आसपासचे लोक तिला सत्पुरुषाच्या समाधीसारखे मानत. १८१७ च्या अखेरच्या दिवशी कोरेगावकडे निघालेली तुकडी शिरूरच्याच छावणीतली. पुढे पूना हॉर्स या घोडदळाचा मुक्कामही येथे असे. गावात नालबंद, पखाली, खाटीक, जीनसाज अशी आपली घरे वाढली ती छावणीच्या आधाराने. भरतीला जाणे हा अशा घरांत एक रोजगार होता. १९१४ मध्ये शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ ज्या मुलांनी लहानपणी पाहिले, त्यांना ठरलेल्या तारखेला मिळणाऱ्या ११ रुपयांची किंमत कळत होती.

खालांच्या सासऱ्यांचे वडील असेच गेले. शिरूर तालुक्यातल्या गावातून दौंडपर्यंत बैलगाडीने आणि दौंड जंक्शनवरून रेल्वेने. नंतर हे घर दौंडलाच स्थायिक झाले. जुन्या आळीत या घराला 'बसरेवाले' म्हणत. आम्ही लहानपणी समजत होतो की यांचा पूर्वी खजुराचा धंदा असेल! खालांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेल्या दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे ते कधी तरी 'कूत, कूत' म्हणत आणि मुलांना वाटे कुत्र्याबद्दल बोलत आहेत. दुसरी म्हणजे परातीला चिकटलेले पीठही ते धुऊन फेकू देत नसत. बोटाने खरवडून पुन्हा गोळ्यात घालायला लावत. कुणी हसले तर उठून बाहेर जात.

बिल्ल्यावरचा पलटणीचा क्रमांक आणि 'कूत' हा शब्द एकत्र ठेवले की त्या पीठाचा अर्थ लागतो.

११७ वी मराठा पलटण पुणे विभागाच्या, म्हणजे सहाव्या डिव्हिजनच्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये होती. ही ब्रिगेड नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या टोकाला फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा इंग्रजांच्या ताब्यात आले. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली. मग फौज टायग्रिस, म्हणजे दजला नदीच्या काठाने वर सरकत गेली. सप्टेंबरमध्ये कूत घेतले आणि २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली. इंग्रजी इतिहासात तिला 'टेसिफॉन' म्हणतात. आपल्याला त्या जागेचे दुसरे नाव अधिक ओळखीचे आहे, सलमान पाक. म्हणजे मदायन, जेथे हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा मजार आहे. घोडनदीच्या काठचा एक मुसलमान शिपाई बंदूक घेऊन त्या मजाराच्या परिसरात उभा होता आणि समोरच्या खंदकात तुर्की फौज होती, ज्यांच्या सुलतानाचे नाव खलिफा म्हणून हिंदुस्थानातल्या मशिदींत खुतब्यात घेतले जात होते.

या लढाईत माघार घ्यावी लागली. जनरल टाउनशेंड यांची फौज कूतला परतली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिला वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक ठार-जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही. आत धान्य संपत आले. घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी, महिनोन्‌महिने ते मांस खाण्यास नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या गेल्या, तरी बहुतेकांनी अगदी एप्रिलमध्ये नाइलाजाने ते तोंडात घातले. तोवर अनेकांना स्कर्व्हीने धरले होते, हिरड्या सुजून रक्त येत होते. शेवटी माणशी रोजचे पीठ पाव शेराहूनही बरेच कमी झाले. विमानातून पीठाची पोती टाकण्याचा प्रयोग झाला. जगात वेढ्यातल्या फौजेला विमानाने अन्न पुरवण्याचा हा पहिलाच मोठा प्रयत्न मानतात. तो पुरला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. सुमारे १३ हजार लोक कैद झाले, त्यांत शिपायांबरोबर पखाली, स्वयंपाकी, डोलीवाले असे हजारो बिनलष्करी नोकरही होते. बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत वाळवंटातून त्यांना चालवत नेले गेले. वाटेत आणि रेल्वेच्या कामावर हजारो मेले.

परातीतले पीठ खरवडणाऱ्या माणसाला हसणाऱ्या मुलांचा दोष नव्हता. त्यांना कुणी हे सांगितलेच नव्हते.

आम्ही हे सगळे सांगितले तसा नातवाचा चेहरा खुलला. आता तो उलट्या टोकाला गेला. मोबाइल काढून म्हणाला, "स्टेटस ठेवतो. आमचे खापरपणजोबा देशासाठी लढले." कॉलेजात कुणी 'तुम्ही लोकांनी काय केले' असे बोलले असावे, ते त्याच्या मनात होते. त्याला आता उत्तर सापडले होते.

येथे आम्हाला जरा थांबावेसे वाटले, कारण मुलांना अर्धे सत्य शिकवणे हा आमचा पेशा नाही. त्याला आम्ही सांगितले, बेटा, ते देशासाठी नाही, बादशहाच्या सरकारसाठी लढले. बिल्ल्याच्या एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा आहे, तो बघ. ते पगारासाठी गेले आणि दिलेला शब्द पाळून राहिले. त्याच युद्धात असेही मुसलमान शिपाई होते ज्यांनी खलिफाच्या फौजेवर शस्त्र उचलायला नकार दिला. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायांनी बंड केले, त्यातल्या ४७ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. फेब्रुवारी १९१६ मध्ये बसऱ्याला १५ व्या लान्सर्सच्या स्वारांनी पुढे कूच करण्यास नकार दिला, शेकडो जणांना शिक्षा झाल्या. ज्यांनी नकार दिला त्यांच्याही मनात अल्लाहचे भय होते आणि जे राहिले त्यांच्याही. आज पंख्याखाली बसून त्यांच्यापैकी कुणाला गद्दार आणि कुणाला बहाद्दर ठरवणे आपल्याला शोभत नाही.

"मग काय लिहू?" मुलाने विचारले.

आम्ही म्हणालो, जे कडेवर लिहिले आहे तेच लिही. नाव, क्रमांक, पलटण. त्यांना कुठे नेले, तिथे काय खावे लागले, ते लिही. आपल्या माणसाचा उपयोग आपण दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून करू नये. या मातीतले असण्याचा दाखला म्हणून तुला बिल्ला दाखवावा लागत नाही.

आता वाचकहो, नावावर आम्ही एवढा भर का देतो ते सांगतो. त्या युद्धात मेसोपोटेमियाला हिंदुस्थानातून सुमारे ६ लाख माणसे गेली, जवळजवळ निम्मी लढणारी आणि निम्मी मजूर-नोकर. जे मेले आणि ज्यांची कबर सापडली नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला मोठे स्मारक बांधले गेले. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण गोऱ्या शिपायाचे नाव दगडावर कोरले गेले आणि हिंदी शिपायाचा फक्त आकडा. पलटणीचे नाव, हिंदी अधिकाऱ्यांची नावे, आणि खाली 'इतर इतके शिपाई'. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचे कबूल केले आणि माफी मागितली. आपल्याकडेही पुणे-सातारा भागातल्या अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी फरशी दिसते, 'या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, इतके कामी आले'. साताऱ्याच्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात गेले, म्हणून ते गाव आजही 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखले जाते. तिथे लोकांनी आठवण जपली. पण बहुतेक ठिकाणी फरशीवर आकडाच आहे, माणूस नाही.

शिपायाचे नाव सरकारने धातूत कोरले ते फक्त या बिल्ल्यांच्या कडेवर. चांदीचे जे 'ब्रिटिश वॉर मेडल' आणि काशाचे जे 'व्हिक्टरी मेडल' त्या युद्धानंतर वाटले गेले, त्या प्रत्येकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण आहे. मजूर आणि नोकरवर्गाला पहिले पदक चांदीऐवजी काशाचे मिळाले. तेव्हा पेटीत काळपट काशाचे निघाले तरी ते हलके समजू नये, ते पखाल वाहणाऱ्याचे किंवा खंदक खणणाऱ्याचे असेल. १९१४-१५ मध्येच गेलेल्यांना ताऱ्याच्या आकाराचे तिसरे पदकही मिळे, त्यावर नाव मागच्या बाजूला असते. इंग्लंडात जखमी होऊन सुटलेल्यांना कोटाला लावायचा चांदीचा बिल्ला देत, म्हणजे रस्त्यात कुणी भित्रा म्हणून हिणवू नये. त्या बिल्ल्यावर मात्र नाव नसून मागे नुसता क्रमांक असे.

चांदीची पदके जगभर वितळली गेली. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा खुद्द इंग्लंडात लोकांनी ती भट्टीत घातली. आपल्याकडे किती मुलींच्या पैंजणांत आजोबांची नावे गेली असतील याचा हिशेब नाही. गरजेला चांदी विकणे हा गुन्हा नाही, पोट आधी. आमचे एवढेच म्हणणे आहे की विकण्याआधी कड वाचा.

ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली, बिल्ला चिंचेने, राखेने किंवा पावडरीने घासू नका. घासून चेहरा चकाकतो, पण कडेवरचे नाव झिजते. मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि वर सांगितल्याप्रमाणे कागदावर नाव उतरवून घ्या, दोन्ही बाजूंचा व कडेचा फोटो काढा. दुसरी, नावाचे आणि गावाचे स्पेलिंग आजच्यासारखे नसेल हे ध्यानात ठेवा. शिरूर तेव्हा 'सिरूर' होते, दौंड 'ढोंड', पुणे 'पूना'. शेख, सय्यद, पठाण यांची चार-पाच रूपे सापडतात. जे युद्धात वारले त्यांची नोंद युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते आणि अनेक नोंदींत वडिलांचे नाव व गावही असते. तिसरी, डिस्चार्जचे जुने कागद असतील तर लॅमिनेट करू नका, तापाने ते खराब होतात. साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवा. दुसऱ्या महायुद्धातले कागद असतील आणि त्या शिपायाची बेवा हयात असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जरूर विचारा. अशा विधवांसाठी राज्य सरकारचे मानधन आहे आणि कागद पेटीत राहिल्यामुळे ते न मिळालेली घरे असू शकतात. चौथी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा. त्यांना लढाईची तारीख सांगता येणार नाही. 'ते जेवताना काय करायचे', 'रात्री उठायचे का', 'कोणते नाव घ्यायचे' असे विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. शिशीर सर्वाधिकारी या बंगाली तरुणाने कूतच्या कैदेतही टिपणे जपून ठेवली आणि पुढे त्यांचे पुस्तक झाले. आपल्या बहुतेक बुजुर्गांना लिहिता येत नव्हते. त्यांनी जे ठेवले ते सुनांच्या आणि नातसुनांच्या आठवणीत आहे, आणि त्या खाला-नानी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

खालांनी शेवटी काय केले ते सांगून थांबतो. बिल्ला विकला नाही. फीची सोय घरातल्या सगळ्यांनी थोडे थोडे घालून केली. पत्रे मात्र यंदा तसेच राहणार आहेत, गळक्या जागी प्लास्टिकचा कागद टाकला आहे. मुलाने स्टेटस ठेवले नाही. कडेवरून उतरवलेली कागदाची पट्टी त्याने वहीत चिकटवली आहे आणि खाली दादीला विचारून तिच्या सासूबाईंच्या दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, 'कूत'ची आणि पीठाची. त्या दिवशी निघताना खाला चपात्यांची कणीक मळत होत्या. परातीच्या कडेला लागलेले पीठ त्यांनी बोटाने खरवडून गोळ्यात घातले आणि नातवाकडे पाहिले. तो हसला नाही.

अल्लाह त्या सर्व मरहूमांची मगफिरत फरमावो, आमीन. तुमच्या घरी असा बिल्ला निघाला तर कडेवरचे नाव वाचून आम्हाला जरूर कळवा.